तळहातावरची दवाई

२९ जानेवारी, गुरुवार

आपले लेख कुणी वाचत नाही ही माझी वीस वर्षांची तक्रार. आज मागे घेतो. नोव्हेंबरात रविवार पुरवणीत आलेला लेख एका कंपनीच्या पर्सोनेल खात्याने अथपासून इतिपर्यंत वाचलेला आहे. दोन ओळींखाली लाल रेघा, फोटोभोवती लाल गोल. आणि मेश्रामच्या आरोपपत्राला जोडलाय. परिशिष्ट तीन.

दुपारी सदर भागातल्या पेपरच्या ऑफिसात प्रेसनोटा चाळत बसलो होतो, तेव्हा फोन. "साहेब, सस्पेंड केलं जी मले. तुमचं कात्रण लावलं कागदाले." आवाजात राग नाही. जणू आजचं तापमान सांगून राहिला. मग कागदांचे फोटो मोबाइलवर पाठवले.

सुखदेव मेश्राम. रामटेक रोडवरच्या मँगनीज धुण्याच्या प्लांटवर बावीस वर्षं फिल्टर सांभाळतो. खनिज धुतल्यावर जो बारीक काळा गाळ उरतो, त्यात एक पांढरी भुकटी पाण्यात भिजवून सोडतात. मग गाळाचे कण एकमेकांना धरतात, फिल्टर प्रेसच्या कापडातून पाणी भराभर निथळतं आणि पाट्यांमधे कोरडा केक उरतो. तो ट्रकने जातो. भुकटीचं इंग्रजी नाव वाक्याएवढं आहे, प्लांटवर सगळे 'दवाई' म्हणतात. त्या दवाईवर लेख लिहिला होता. लोकांना आवडला होता. मला तर फारच.

मागच्या आठवड्यात ओला केक भरलेला ट्रक वळणावर कलंडला. ओला माल एका अंगाला सरकतो. ड्रायव्हरचा पाय मोडला. कंपनीचं म्हणणं: मेश्राम दवाई मापाशिवाय, अंदाजाने टाकतो, म्हणून केक ओला निघाला. पुरावा: मी.

३० जानेवारी, शुक्र.

नोव्हेंबरची वही काढली. माझंच अक्षर:

'तराजूवर तोलतो. पाणी बोअरचं, स्वच्छ. भुकटी हळूहळू शिंपायची, नाही तर गाठी होतात. पाऊण तास सावकाश ढवळणं. जोरात ढवळलं तर "दवाईचा धागा तुटते". मग काचेच्या ग्लासात गाळ घेऊन थेंबाथेंबाने तपासणं, प्रत्येक पाळीला.'

आणि छापलं काय? 'ना तराजू, ना माप. बावीस वर्षं मुरलेला तळहात हेच त्याचं मोजमाप.'

तराजू का गाळला? तो किराणा दुकानात असतो तसला निळ्या प्लास्टिकचा होता म्हणून. लेखाची सुरुवात मी निवळीच्या बीपासून केली होती. महाल भागातल्या संस्कृत पाठशाळेत गुरुजी आमच्याकडून ते बी उगाळून घेत आणि घंगाळातलं गढूळ पाणी निवळे. संस्कृतातल्या कतकफलापासून आजच्या पॉलिमरपर्यंत! एवढ्या थोर परंपरेत निळा तराजू कुठे ठेवणार?

काव्यशास्त्रात अतिशयोक्ती हा अलंकार. आरोपपत्रात ती कबुली होते, आणि तीही दुसऱ्याची.

फोटोचं आठवून तर अंगाची आग. मीच म्हणालो होतो, मेश्रामजी, जरा हातात घ्या ना भुकटी. तो म्हणाला, "हातात नाही घेत जी कोणी. ओली झाली का गुळगुळीत होते. खाली सांडली तं माणूस घसरून पडते." मी म्हटलं, एक मिनिट फक्त. घेतली बिचाऱ्याने. मी पाहुणा ना.

लाल गोल त्याच तळहाताभोवती आहे.

३१ जाने., शनिवार

रामटेकला गेलो, मेश्रामच्या घरी. बसायच्या खोलीत बुद्धमूर्ती, तिच्या बाजूला भिंतीवर माझा लेख. लॅमिनेट केलेला. कोपऱ्यात एक हवेचा फुगा राहिलाय. मला समोरच्याच खुर्चीत बसवलं. तासभर स्वतःचं गद्य बघत बसण्याएवढी कडक शिक्षा धर्मशास्त्रातही नसेल.

त्याची बायको चहा ठेवून म्हणाली, "ह्या कागदानंच घात केला. काढा म्हणते तं काढत नाही." तो म्हणाला, "राहू दे वं. चांगलंच लिहिलं होतं त्यायनं."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग सगळं सांगितलं. डिसेंबरपासून बोअरचं पाणी बंद. दवाई आता मागच्या तलावातल्या पाण्यात भिजवायची, म्हणजे प्लांटमधून वापरून आलेल्याच गढूळ पाण्यात. वरून हुकूम. "मी म्हटलं मॅनेजर साहेबाले, घाण पाण्यात दवाई मरते जी. डब्यातच त्या घाणीले धरून बसते, मंग गाळाले काय धरन? ते म्हणे, मंग दवाई वाढव. वाढवली. अजून वाढव म्हणे. तिप्पट झाली, तं कापडच बुजलं. पाणी निघनच ना. केक कसा, तं श्रीखंड."

त्या दिवशी केक पाहून हा म्हणाला भरू नका. पाळीच्या साहेबाने भरायला लावला. याने रजिस्टरमधे लिहिलं: पाणी गढूळ, केक ओला, लोड करू नये. खाली सही, वेळ.

"रजिस्टर कुठे आहे?"

"कंपनीजवळ."

अर्थातच.

सोळा तारखेला खात्यातली चौकशी. निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत. दोष लागला तर बडतर्फ. बावीस वर्षांनंतर कागदावर 'बेजबाबदार' एवढा एक शब्द घेऊन घरी बसायचं. तो म्हणाला, "नोकरीचं एक दुःख आहे जी. पण लोक म्हणन, मेश्रामच्या हातानं ड्रायव्हरचा पाय गेला. ते नाही सहन होत."

परतताना कारमधे एकटाच मोठमोठ्याने बोलत होतो. संस्कृतात शिव्या फार कमी आहेत. मराठीवर आलो, मग हिंदीवर.

२ फेब्रुवारी, सोम.

संपादकांकडे गेलो. म्हटलं, शुद्धिपत्र छापा. दोन ओळी. तराजू होता, फोटो मी सांगून काढून घेतला.

सं.: "शास्त्रीबुवा, (पेपरात मला हेच म्हणतात, आधी कौतुकाने, आता सवयीने) लेख सुंदर होता. सुंदर लेखाला शुद्धिपत्र नसतं."

"एका माणसाची नोकरी जातेय."

"आणि छापलं तर तुमची अब्रू जाते. आपलीही. शिवाय त्यांची जाहिरात असते, ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत आहे. सव्वीस जानेवारीला अर्धं पान होतं. तिरंगा, कबुतरं आणि 'पाण्याचा थेंबन् थेंब वाचवणारा उद्योग'. आता कळलं, कोणता थेंब.

त्यांच्या टेबलावर संत्र्याची सालं होती. सोलत सोलत बोलत होते माझ्याशी. एक फोडही पुढे केली. घेतली मी. रागात माणूस फोड नाकारतो, एवढंही सुचलं नाही. जिन्यात आल्यावर थुंकलो.

४ फेब्रु., बुध.

प्लांटवर. मॅनेजर पाठक. गोरेगोमटे, मृदू, भेटायला येणाऱ्याला आधी पाणी मग चहा. बाटलीबंद पाणी. त्यांच्याकडे स्वच्छ पाणी नाहीच असं म्हणता येणार नाही.

"तुमचा लेख अप्रतिम! आमच्या हेड ऑफिसलाही पाठवला होता मी."

"त्यातली ती दोन वाक्यं खोटी आहेत."

"असं कसं? फोटो आहे."

"फोटो मी सांगून काढलाय."

"म्हणजे तुम्ही सांगितलं म्हणून त्याने केलं. उद्या आणखी कुणी सांगेल. हाच तर आमचा मुद्दा आहे."

असा हसतमुख माणूस मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. बोअर का बंद केलं विचारलं. "पाण्याची बचत. तुम्हीच पत्रकार लोक लिहिता ना, उद्योग भूजल उपसतात म्हणून?" लिहिलंय. मीच. तीन भागांत.

रजिस्टर बघायला मागितलं. "अंतर्गत कागदपत्र आहे." कात्रण मात्र बहिर्गत असून चाललं.

निघताना दारापर्यंत सोडायला आले. "चौकशीच्या भानगडीत पडू नका. तुमच्यासारख्या व्यासंगी माणसाचं ते काम नव्हे." व्यासंगी या शब्दाचा असा उपयोग होतो, हे कोशात नव्हतं.

८ फेब्रु., रविवार

मंदा शाळेत रसायनशास्त्र शिकवते. लेख छापून आला त्या दिवशीच म्हणाली होती, "अहो, तळहाताने पॉलिमर मोजत नसतात." मी म्हटलं होतं, तुला शैली कळत नाही. आठ दिवसांपासून ती हे वाक्य मला ऐकवत नाहीये. संसारात यापेक्षा मोठी दया नाही.

आज तिनेच मेश्रामला बोलावलं. तो स्कूटरवर आला. एका कॅनमधे गाळ, एकात तलावाचं पाणी, एकात घरच्या हापशीचं. पुडीत दवाई. प्लांटवरचं सगळं पाळीच्या पोरांनी आणून दिलं म्हणे. खिशातून निळा तराजू काढला. स्वतःचाच आहे म्हणे, कंपनीने कधी दिलाच नाही. मला जमिनीत जावंसं वाटलं.

ओट्यावर दोन भांडी. एका मापाची दवाई, दोन पाण्यांत. पाऊण तास ढवळणं. मंदा मधे म्हणाली, "मी ढवळू का, तुम्ही थकले असाल." तो म्हणाला, "नको बाई, तुम्ही जोरात ढवळसान. पोळ्या लाटता तसं नाही हे." ती हसली. मी असं बोललो असतो तर तिने मला जेवायला वाढलं नसतं.

मग काचेचे दोन ग्लास, दोन्हीत तोच गाळ. हापशीच्या पाण्यातली दवाई टाकली, ग्लास चार वेळा पालथा-सुलटा केला आणि ठेवला. बघता बघता दही फुटावं तसे गाळाचे गोळे झाले, खाली बसले. वर पाणी इतकं स्वच्छ की पलीकडचा हळदीचा डबा दिसला. जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळलं तर भराभर. पिळल्यावर गोळी हातात.

दुसरा ग्लास काळाच. मेश्रामने त्यात दवाई वाढवली, आणखी वाढवली. "आता पाहा, साहेबायच्या हुकुमाप्रमाणे." गाळ शेंबडासारखा झाला. साडीवर ओतला तर बसून राहिला. खालून थेंब पडेना.

तिघेही त्या फडक्याकडे बघत उभे. मी चिडून म्हणालो, याचा उपयोग काय? ओट्यावरचा प्रयोग कोण मानणार?

मंदा म्हणाली, "तुमचा लेख तरी कुठे पुरावा होता? झालाच ना."

१० फेब्रु., मंगळ.

मेश्रामने साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. मीच द्यायला लावलं.

१२ फेब्रु., गुरु.

कंपनीकडून आमच्या सं. ना फोन गेलेला दिसतो. बोलावणं.

"तुम्ही तिथे जाऊन सांगणार, मी बनवून लिहिलं?"

"हो."

"म्हणजे उद्या ज्याच्या विरुद्ध आपण छापलंय तो प्रत्येक जण म्हणेल, हेही शास्त्रीबुवांनी बनवलं. याचा विचार केलात?"

केला नव्हता. आणि हे खरं आहे, म्हणून जास्तच संताप आला. चुकीचा माणूस बरोबर बोलतो तेव्हा काय करायचं, याला न्यायशास्त्रात उत्तर असेल; मला परीक्षेत आलं नव्हतं.

"जा. माझी हरकत नाही. पण मग आपल्याला बसून बोलावं लागेल." 'बसून बोलावं' म्हणजे काय, ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या वर्षी दोघांशी बसून बोलले.

मंदाला सांगितलं. तिने कणीक मळणं थांबवलं नाही. "मेश्रामांच्या घरी भिंतीवर लागलंय ना ते कात्रण? मग जा."

१५ फेब्रु., रवि.

निवेदन लिहायला बसलो. पहिल्या मसुद्याची सुरुवात: 'सत्य हे सूर्यासारखे...' मंदाने सूर्य खोडला. दुसऱ्यात 'वाणीचा अपराध'. तोही खोडला. "अहो, तुम्ही चुकलात हे लिहिताना तरी छान दिसू नका."

शेवटी उरलं ते असं. श्री. मेश्राम दवाई तराजूवर तोलतात, हे मी पाहिले. लेखात मी उलट लिहिले. फोटोत त्यांनी भुकटी हातात घेतली ती माझ्या सांगण्यावरून, नको म्हणत असताना.

एवढंच लिहायला सकाळ गेली. लेख दीड तासात झाला होता.

१६ फेब्रु., सोमवार

दोन तास बाकावर. मग आत. चौकशी अधिकारी कंपनीनेच नेमलेले वकील, चष्मा कपाळावर. बाजूला पाठक. समोर मेश्राम, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

"म्हणजे आपण खोटं लिहिलंत?"

"हो."

"पगार घेऊन?"

"हो. कमी."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

"आज फोटो चांगला यायला नको आहे."

लिहून घेणारा कारकून थांबला. हे घ्यायचं का? अधिकारी म्हणाले नको. मग त्यांनी माझं निवेदन वाचलं आणि सांगून लिहवलं: 'साक्षीदाराच्या सांगण्यावरून कामगाराने रसायन उघड्या हाताने, सुरक्षानियम मोडून हाताळले, हे साक्षीत निष्पन्न होते.'

सोडवायला गेलो आणि एक नवा आरोप घालून आलो! उभा राहून ओरडलो, हे निष्पन्न होत नाही, 'नको म्हणत असताना' असं लिहिलंय त्यात! पाठक पायांकडे बघत होते. हसू लपवायची सभ्य जागा.

रजिस्टर? 'शोध सुरू आहे.' बावीस वर्षं रोज त्याच टेबलावर असलेलं रजिस्टर.

तेव्हा मेश्राम बोलला. दिवसभरात पहिल्यांदा. "साहेब, एक म्हणू का? लेख खोटा का खरा, ह्यात मी काहून मरू? मले प्रेसवर उभं करा. तुमच्यासमोर तोलतो, तुमच्यासमोर भिजवतो, एक घाणी, एका खेपेचा केक, काढून दाखवतो. केक ओला निघाला तं मीच राजीनामा देतो."

अहो, राजीनामा नका म्हणू, असं ओरडणार होतो. कारकुनाने तो राजीनामा मात्र बरोबर लिहून घेतला, मात्रावेलांटीसकट.

अधिकाऱ्यांचा चष्मा पहिल्यांदा डोळ्यांवर आला. विचार करून कळवतो म्हणाले.

बाहेर आल्यावर म्हटलं, मेश्रामजी, माझ्यामुळे एकाचे दोन आरोप झाले. तो स्कूटरला किक मारत म्हणाला, "हाव." मग किक सोडून माझ्याकडे वळला. हा माणूस चिडलेला मी पहिल्यांदा पाहिला. "त्या दिवशी तुम्ही म्हटलं हातात घ्या, मी घेतली. साहेब म्हणे दवाई वाढव, वाढवली. भरा म्हणे, भरू देला. मी काहून नाही म्हणत गा कोणालेच? लिहून ठेवतो रजिस्टरात न् घरी जातो. त्यानं त्या ड्रायव्हरचा पाय वाचला का?"

मला उद्देशून नव्हतं बहुधा. पण 'गा' म्हणाला. वीस वर्षांत माझ्याशी कुणी एवढं बरोबरीने बोललं नव्हतं.

१७ फेब्रु., मंगळ.

सं. बसून बोलले. आठ मिनिटं. 'तूर्तास' रजा. मी मागितली नव्हती, तरी मंजूर झाली.

ड्रॉवर रिकामा केला. तीन शब्दकोश, चार पेनं, एक शाल, सत्काराची. शाल तिथेच ठेवली.

२० फेब्रु., शुक्र.

मेश्रामला पत्र आलं. त्याने फोनवर वाचून दाखवलं. येत्या शुक्रवारी, सत्तावीसला सकाळी नऊ वाजता प्रात्यक्षिक घेण्यास हरकत नाही. अधिकारी समक्ष हजर राहतील. आणि मग एक ओळ: 'प्रात्यक्षिक प्लांटमधील उपलब्ध पाण्यावर घेण्यात येईल.'

उपलब्ध! एवढा सोवळा शब्द कुणी शोधला असेल? तलावातलं काळं पाणी असं कुठेच लिहिलेलं नाही आणि दुसरं पाणी तर बंदच आहे. मी लेखात जे केलं तेच, पण किती सफाईने. आरडाओरड केली फोनवर. म्हटलं, जाऊ नका, हरकत घ्या, वकील बघतो, मुदत मागू. राजीनाम्याचं लेखी आहे त्यांच्याकडे. केक ओला निघणार, सही घेणार, संपलं!

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "झालं बोलून? मी सांगू आता? दवाई भिजवाले पाणी लागते, गाळाले नाही. गाळ त्यायचाच राहू द्या, कसा का असना. एका घाणीच्या दवाईले सहा कॅन पुरतात. घरच्या हापशीचे नेतो मी."

"आणि गेटवर अडवलं तर? उपलब्ध पाण्यावर असं लिहिलंय."

"तं म्हणतो, हे पाहा, उपलब्ध आहे."

"नाही सोडलं तर?"

मागे त्याची बायको काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही.

"तं ह्या खेपेले नाही म्हणतो जी. सही नाही करत. घाण पाण्यात दवाई नाही भिजवत, म्हणतो. तिथंच बसतो गेटवर, कॅनवर." मग म्हणाला, "स्कूटरवर तीनच कॅन बसतात."

संध्याकाळी खाली जाऊन गाडीची डिकी उघडली. स्टेपनी काढली तर बाकीचे तीन मावतात. स्टेपनी काढून ठेवली.